लिपिड सिम्युलेशन करताय? या चुका टाळा

थंडीत निफाडचा पारा घसरला की नाशकातल्या घराघरांत खोबरेल तेलाची बाटली उन्हात जाऊन बसते. तेल थिजतं हे कुणाला शिकवावं लागत नाही. तरी दरवर्षी एखादं पोरगं संगणकावर लिपिडांचं (पेशीपटलातल्या मेदरेणूंचं) सिम्युलेशन करतं, डीपीपीसी नावाच्या लिपिडाचं पटल ३०० केल्विनला चालवून माझ्याकडे येतं आणि विचारतं, "सर, लिपिड हलतच नाहीत, फोर्स फील्ड चुकलंय का?" फोर्स फील्ड म्हणजे अणू एकमेकांना कसे ओढतात-ढकलतात याची सूत्रं.

अरे बाबा, ३०० केल्विन म्हणजे २७ अंश. डीपीपीसी वितळतं ४१ अंशांना. तू थिजलेलं तूप ढवळतोयस.

ओरडतो खरा, पण हे शेण मीही खाल्लं आहे. प्रोटीन सिम्युलेशनच्या धड्यातली एमडीपी फाइल (रनच्या सगळ्या सेटिंग्जची) जशीच्या तशी उचलली होती, तापमानासकट. मे महिना, कॅबिनेटचं झाकण उघडं, समोर टेबल फॅन. दोन आठवडे रन चालली. एका लिपिडमागचं क्षेत्रफळ ०.६३ चौरस नॅनोमीटरवरून घसरत ०.५ च्या खाली गेलं, लिपिडांच्या शेपट्या काड्यांसारख्या ताठ झाल्या, आणि मी स्लाइडवर लिहिलं, 'समतोल साधला'. सेमिनारला मागच्या रांगेतल्या पाहुण्यांनी एवढंच विचारलं, "तापमान किती ठेवलंय?" मी म्हटलं, ३००. त्यांनी पेनाला टोपण लावलं. बाहेर ४० अंश ऊन आणि अख्ख्या नाशकात थिजलेली वस्तू एकच, माझं पटल.

तेव्हापासून मॉनिटरला चिठ्ठी चिकटवली आहे, कुठलं लिपिड किती अंशांना वितळतं त्याची: डीपीपीसी ४१, पीओपीसी उणे २, डीओपीसी उणे १७. डीपीपीसी मी ३२३ केल्विनलाच चालवतो. मार्टिनीवाल्यांनो (मार्टिनी म्हणजे अणूंचे गट करून एकेक मणी धरणारं ढोबळ मॉडेल), ही चिठ्ठी तुमची नाही. मार्टिनी २ मध्ये डीपीपीसी साधारण २९५ केल्विनलाच थिजतं.

प्रेशर कपलिंग (दाबाचं नियंत्रण) सेमी-आयसोट्रॉपिक, म्हणजे पटलाच्या पातळीत वेगळं आणि उभ्या दिशेत वेगळं. यावर चर्चा नको.

एका लिपिडमागचं क्षेत्रफळ काढताना बॉक्सच्या (सिम्युलेशनच्या चौकटीच्या) क्षेत्रफळाला एका थरातल्या लिपिडांनी भागायचं, दोन्ही थरांतल्या नव्हे. उत्तर निम्मं आलं की हेच झालेलं असतं.

चित्रात बंध बॉक्सच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेले दिसले तर घाबरू नका, काही फुटलेलं नाही. बॉक्सच्या एका कडेतून बाहेर पडलेला रेणू समोरच्या कडेतून आत येतो, एवढंच. ग्रोमॅक्स या सिम्युलेशन प्रोग्रॅममधल्या ट्रजकॉन्व्हने रेणू अखंड करून घ्या.

आता माझं खरं दुखणं. १९९७ मध्ये सायमन्स आणि इकोनेन या शास्त्रज्ञांनी लिपिड राफ्टची, म्हणजे पटलात तरंगणाऱ्या ठरावीक लिपिडांच्या घोळक्यांची, कल्पना मांडली. हल्ली ज्याला त्याला आपल्या बॉक्समध्ये राफ्ट हवाच असतो, आणि तोही १०० नॅनोसेकंदांत. जरा हिशेब करा. द्रव पटलात लिपिडचा विसरण गुणांक (ते किती झपाट्याने पसरतं त्याचं माप) साधारण १० चौरस मायक्रोमीटर प्रतिसेकंद. म्हणजे १०० नॅनोसेकंदांत एक लिपिड जेमतेम २ नॅनोमीटर सरकतं, दोन-तीन शेजारी ओलांडून. तेवढ्यात कसला राफ्ट? जो घोळका दिसतो तो सुरुवातीला तुम्हीच मांडलेला असतो. त्यात १२८ लिपिडांचा बॉक्स, म्हणजे बाजू साधारण सव्वासहा नॅनोमीटर. एवढ्यात मोठा घोळका मावणार कुठे? बॉक्सच्या चारी बाजूंना त्याचीच प्रतिबिंबं मांडलेली असतात, त्यामुळे जो तो आपल्याच प्रतिबिंबाला टेकलेला.

माझी सवय सांगतो. तेच मिश्रण दोनदा चालवायचं: एकदा लिपिड पूर्ण मिसळून, एकदा मुद्दाम वेगळे मांडून. दोन्ही रन एकाच ठिकाणी येऊन मिळाल्या तरच तोंड उघडायचं. पोरं म्हणतात, दुप्पट वेळ जातो. जातोच. घाई असेल तर मार्टिनी घ्या. चार जड (हायड्रोजन सोडून बाकीच्या) अणूंचा एक मणी, २० फेम्टोसेकंदांची पावलं, मायक्रोसेकंद सहज होतात. पण मग हायड्रोजन बंधांवर प्रबंध लिहू नका. ते त्यात नाहीतच.

आणि वीज जाते, हे धरूनच चाला. ग्रोमॅक्स दर १५ मिनिटांनी सीपीटी फाइल (रन कुठवर आली त्याची नोंद) लिहितं. वीज आली की '-सीपीआय' हा पर्याय देऊन तिथूनच पुढे चालवायचं. परवा एकाने 'फोल्डर साफ करतो' म्हणून नेमकी तीच फाइल उडवली. सहा दिवसांची रन होती.