गाणं ‘सायकेडेलिक’ कशानं होतं? आधी तंबोरा ऐका

सायकेडेलिक, म्हणजे भान हरपवणारं संगीत, म्हटलं की गोव्यात लोकांना हणजूणचा (अंजुनाचा) किनारा आठवतो, चमकणाऱ्या रंगांचे पडदे आणि सकाळपर्यंतचा धुडगूस. मी फोंड्याकडे भजनं, घुमट या मडक्याच्या वाद्यावरच्या आरत्या आणि जत्रेतल्या नाटकांना साऊंड लावतो. मला विचाराल तर रॉक असो, रेगे असो वा ट्रान्स, सगळीकडे खेळ एकच: काहीतरी एक जागेवर ठाम बसतं आणि त्याच्या नादाचा रंग हलत राहतो. हे ओळखायचं असेल तर गाणी पुढे सांगतो त्या क्रमानं ऐका.

सुरुवात तंबोऱ्यानं. ॲप चालेल, पण कुणाच्या घरी खरा असेल तर तिथे जाऊन बसा. घोडी (तारा टेकतात ती पट्टी) आणि तार यांच्यामध्ये सुताचा दोरा असतो. तार छेडत तो केसभर पुढे-मागे सरकवायचा. एका जागी आला की तार एकदम उघडते, झणझणायला लागते. घोडीच्या किंचित उतरत्या पाठीला टेकत-सुटत ती थरथरते आणि वरचे स्वर बाहेर पडतात. खरजाच्या तारेतून गंधार ऐकू येतो, जो कुणी लावलेलाच नाही. तो ऐकू येईपर्यंत पुढे जाऊ नका. घाईच असेल तर हे संगीत तुमच्यासाठी नाही.

मग हेडफोन लावून बीटल्सचं 1966 सालचं ‘टुमॉरो नेव्हर नोज’ लावा. शब्द सोडून द्या. तळाशी तंबोरा आहे, जवळजवळ सगळं गाणं एकाच षड्जावर उभं आहे. वरून टेपचे तुकडे फिरतात आणि उत्तरार्धात लेननचा आवाज ऑर्गनच्या गरगर फिरणाऱ्या स्पीकरमधून येतो. ठाम काय आणि हलतंय काय, एवढंच वेगळं करत बसा.

त्यानंतर जमैकाचं डब, म्हणजे रेगे गाण्याचा मिक्सरवर घडवलेला नवा अवतार. ते घडवणारा किंग टबी मुळात रेडिओ दुरुस्त करणारा. तयार गाण्याची टेप घ्यायची, मिक्सरवर गायकाला गायब करायचं, ड्रम आणि बेस चालू ठेवायचे आणि एखादाच शब्द इकोमध्ये भिरकावून द्यायचा. नवा सूर एकही नाही! माझ्या धंद्यातल्या माणसानं हे ऐकून कानाला हात लावावा. फंकचं उदाहरण हवं तर फंकाडेलिकचं 1971 चं ‘मॅगट ब्रेन’ ऐका. मागची साथ विरत जाते, इकोत भिजलेली एडी हेझलची गिटार तेवढी उरते.

आता आपल्या किनाऱ्याकडे. रोलँड टीबी-303 हे यंत्र 1981 च्या सुमाराला आलं, गिटारवाल्याला बेसची सोबत करायला. त्या कामात ते सपशेल पडलं. पुढे शिकागोच्या ‘फ्यूचर’ (Phuture) नावाच्या गटानं 1987 च्या ‘ॲसिड ट्रॅक्स’मध्ये त्याचे नॉब वाजत्या गाण्यातच फिरवले. सोळा घरांची (सुरांच्या जागांची) एकच ओळ फिरत राहते. फिल्टरचा नॉब वर जातो तसे झाकलेले वरचे स्वर उघडतात. रेझोनन्सचा नॉब वाढवला की जिथून झाकायला सुरुवात होते त्या कडेवरचा स्वर टोकदार होऊन पुढे येतो. म्हणजे दोऱ्यानं जे केलं तेच! गोवा ट्रान्समध्ये ही कारागिरी मिनिटाला साधारण 140 ते 150 ठोक्यांच्या वेगावर चालते. नव्वदच्या दशकात हणजूणला उन्हात वाकणाऱ्या रेकॉर्डऐवजी डॅट (डिजिटल ऑडिओ) टेप वाजत. त्यावर दोन गाण्यांचे ठोके जुळवणं कठीण, म्हणून कित्येक गाण्यांची सुरुवात ठोक्याविना, नुसत्या तरंगत्या सुरानं होते. ती सुरुवात गाळून पुढे जाऊ नका.

स्वतः करून बघायचं असेल तर फोनवरचं साधं सॉफ्टवेअर पुरे. वेग 145 ठेवा. चार सुरांची ओळ घ्या आणि तिला हात लावू नका. डिले, म्हणजे प्रतिध्वनीचं अंतर, 310 मिलिसेकंद, ठोक्याचा पाऊण भाग. प्रतिध्वनी ठोक्यांच्या फटीत पडतात. फीडबॅक, म्हणजे प्रतिध्वनी पुन्हा किती फिरायचा ते, निम्म्यावर. आता एकच नॉब, फिल्टरचा, दोन मिनिटं लावून तळापासून वर न्या. हात आपोआप घाई करतो, त्याला आवरा. प्रत्येक वाद्याला फेजर (आवाज घुसळणारा इफेक्ट) लावणारे आणि मध्येच सतारीचा तुकडा चिकटवणारे पुष्कळ आहेत. तळाला ठाम काही नसेल तर तो नुसता गोंगाट.

आणि एक. चवथीला आरतीच्या वेळी घुमटाला इको लावा म्हणून पोरं मागे लागतात. लावू नका. वाजवणारा उजव्या हातानं चामड्यावर मारतो आणि डाव्या हातानं मडक्याचं मागचं तोंड झाकत-उघडत असतो. फिल्टर त्याच्या तळहातातच आहे. माईक त्या तोंडाच्या बाजूला, जरा तिरका, वीतभर अंतरावर ठेवा. चामड्यासमोर धरलात तर ठोका तेवढा येईल, डावा हात ऐकूच येणार नाही.