छोट्या सेडानचा पिकअप आणि गिअरबॉक्स: सोलापूरच्या उन्हाधुळीत काय करावं

"अण्णा, गाडी ओढेना ओ. रीमॅप करून द्या की. तीस हजार बाजूला काढून ठेवलेत."

मागच्या मे महिन्यात अक्कलकोटहून एक तरुण मास्तर त्यांची छोटी सेडान घेऊन माझ्या गॅरेजवर आले होते. रीमॅप म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग बदलणं. मी आधी एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा काढल्या. फिल्टर आपल्या काळ्या रानाच्या रंगाचा झालेला, आणि डब्याच्या कोपऱ्यात उंदरानं स्पंज कुरतडून घरटं केलेलं. गाडी नुकतीच तीस-चाळीस किलोमीटर पळून आलेली, म्हणून चारही चाकांजवळ हात नेऊन बघितला. पुढच्या डाव्या चाकातून भट्टीसारखी धग येत होती. कॅलिपरची पिन अडकून ब्रेक पॅड डिस्कला सतत घासत होतं. म्हणजे इंजिनाला एकीकडे श्वास घेता येईना आणि दुसरीकडे मास्तर ब्रेक लावून गाडी पळवत होते. नवा फिल्टर टाकला, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) साफ केली, पिना काढून घासल्या, ग्रीस लावलं. अर्धा दिवस गेला. दुसऱ्या दिवशी फोन आला, "वळसंगपाशी ट्रक ओव्हरटेक करताना गिअर पाडावाच लागला नाही." तीस हजार त्यांच्याकडेच राहिले.

अक्कलकोट रोडला बावीस वर्षं गॅरेज चालवतोय. पिकअप वाढवायला येणाऱ्या बहुतेकांचा पिकअप हरवलेला असतो, तो आधी शोधून द्यावा लागतो.

सोलापूरचं ऊनही समजून घ्या. ४५ अंशांची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे सहा टक्के विरळ असते. हवा कमी म्हणजे जळणारं पेट्रोल कमी, म्हणजे ताकद कमी. शिवाय इंजिन ठोका देऊ नये म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, स्पार्कचं टायमिंग मागं ओढतो. १२०० सीसीच्या इंजिनावर त्यात एसी आणि पाच माणसं, की गाडी जड वाटणारच. हे समजलं नाही की लोक उन्हाळ्यात पार्ट बदलत सुटतात आणि जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, गाडी आपोआप बरी होते.

तपासणी या क्रमानं करा. फिल्टर दर पाच हजार किलोमीटरला उघडून बघा. मॅन्युअलमधला बदलायचा आकडा मोठा असला तरी आपल्या धुळीत तेवढी वाट बघू नका. हवा मारायची ती आतल्या बाजूनं बाहेर. उलटी मारली की धूळ कागदात आणखी रुतते. थ्रॉटल बॉडी साफ करताना इग्निशन बंद ठेवा, फडक्यावर क्लीनर घ्या, आणि इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाकळी बोटानं जोरात ढकलू नका, आतले गिअर तुटतात. नंतर आयडल (गाडी उभी असताना इंजिनाचा वेग) नीट बसला नाही तर स्कॅनर लावून शिकवून घ्यावा लागतो. इरिडियम स्पार्क प्लग पॉलिश पेपरनं घासू नका, टोक बारीक असतं, ते जातं. बदलायची वेळ झाली की बदलूनच टाका.

एवढं करूनही ओढ येत नसेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासा. सगळ्या सिलिंडरचे आकडे जवळजवळ सारखे हवेत. एक कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजा. आकडा वर गेला तर रिंगा झिजल्यात. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट बघा. ही तपासणी न करता रीमॅपला हो म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नका.

क्लचची परीक्षा तुम्हीच करू शकता. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाला अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आवाज आणि आरपीएम चढले, पण वेगाचा काटा जागचा हलला नाही, तर प्लेट घसरतेय. ताकद इंजिनात आहे, चाकापर्यंत पोचत नाही.

आता विकत मिळणारा पिकअप. टर्बो पेट्रोलला रीमॅपनं चांगला फरक पडतो, कारण बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात दाबून भरतो ती हवा, वाढवता येतो. डिझायर, अमेझ, ऑरा, टिगोर यांची साधी पेट्रोल इंजिनं टर्बोशिवाय चालतात. त्यात वाढवायला बूस्टच नाही. पायाखाली थोडी तरतरी येते, आणि त्यासाठी वॉरंटी घालवावी असं मला वाटत नाही. बॉनेटखाली उघडा बसवलेला शंकूसारखा फिल्टर तर आपल्याकडे नकोच. तो इंजिनाची गरम हवाच ओढतो, आवाज वाढतो, ओढ नाही. मोठी अलॉय चाकंही तशीच. वजन वाढतं, टायरचा बाहेरचा घेर वाढला तर गिअर लांब पडतात आणि चढाला गाडी बसते. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर तिथून निघा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल चालत नाही, आणि अपघातानंतर विम्याचा माणूस नेमकं हेच शोधतो. मॅन्युअल गाडीत मागाहून ऑटोमॅटिक बसवायचा विचारही सोडा. वायरिंग, ईसीयू, माउंटिंग, सगळंच बदलतं. गिअरबॉक्स गाडी घेतानाच ठरवायचा.

तो ठरवताना शोरूमचं नाही, तुमच्या रोजच्या रस्त्याचं ऐका. सात रस्ता, नवी पेठ, स्टेशन असं रोजचं जाणं आणि गुडघे दुखत असतील, तर ऑटोमॅटिक घ्या, पण कुठली ते बघून. डिझायर, ऑरा, टिगोरमध्ये एएमटी मिळते. ती साधी मॅन्युअल पेटीच, फक्त क्लच आणि गिअर मशीन टाकतं. स्वस्त, मायलेज चांगलं, दुरुस्ती आपल्याकडे होते. पण गिअर पडताना क्षणभर ओढ तुटते. गळीत हंगामात उसाच्या जोड ट्रॉल्या ओव्हरटेक करताना तो क्षण फार मोठा असतो. म्हणून ओव्हरटेकला बाहेर निघायच्या आधी मॅन्युअल मोडवर टाकून एक गिअर पाडा, मग निघा. आणि आषाढीला पंढरपूरच्या गर्दीत चढावर गाडी अॅक्सिलरेटरवर धरून ठेवू नका, ब्रेकवर धरा. एका वारीत प्लेट जळालेली गाडी मी खोललीय. वास आठ दिवस गॅरेजमधून गेला नाही.

अमेझमध्ये सीव्हीटी येते. पट्टा आणि पुल्या, झटका अजिबात नाही. आईवडिलांना बसवून तुळजापूरला जाणाऱ्यांना मी हीच सुचवतो. जोरात दाबलं की आवाज आधी आणि वेग मागून, याची सवय करावी लागते. घाट उतरताना नुसत्या डीवर सोडू नका, खालचा मोड घ्या, इंजिन गाडी धरतं. तेल मात्र सीव्हीटीचंच, मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच. साधं गिअर ऑइल टाकलं तर पट्टा घसरून पेटी गेलीच समजा.

बाकी ज्याचं चालवणं हायवेचं, पुणे-हैदराबाद, आणि बजेट घट्ट, त्यांनी मॅन्युअलच घ्यावी. सीएनजी बसवणार असाल तरीही मॅन्युअल. गॅसवर ताकद थोडी कमी होते, आणि गिअर आपल्या हातात असला की ती भरून काढता येते.

टेस्ट ड्राइव्ह सकाळी एकट्यानं घेऊ नका. दुपारी दोनला, घरची चार माणसं बसवून, एसी पूर्ण लावून घ्या. पुलाच्या चढावर थांबवा, ब्रेक सोडा आणि गाडी किती मागं येते ते बघा. मग मोकळ्या रस्त्यावर चाळीसवरून ऐंशीवर न्या. सेल्समन शेजारी बोलत असेल तर त्याला थोडा वेळ गप्प बसायला सांगा आणि इंजिनाचा आवाज ऐका.