एम.बी.ए.च्या वर्गमित्रांचा मेळावा गावात घ्यायचा असेल तर

व्यवस्थापनाचे शिक्षण संपून पंधरा-वीस वर्षे झाली की वर्गमित्रांची भेट बहुधा नागपूर किंवा पुण्याच्या एखाद्या हॉटेलात रात्रीच्या जेवणापुरती होते. तीन तासांत प्रत्येकाचे पद, कंपनी आणि मुलांच्या इयत्ता कळतात, छायाचित्रे निघतात आणि मंडळी पांगतात. ज्यांचे बरे चालले आहे तेच अशा ठिकाणी बोलतात. ज्यांनी नोकरी सोडून गावाकडची शेती किंवा कृषी केंद्र (बियाणे-खतांचे दुकान) सांभाळले, ज्यांची नोकरी बाळंतपणानंतर सुटली ती परत लागली नाही, ज्यांच्या घरात दीर्घ आजारपण आहे, ते एक तर येत नाहीत किंवा जेवण आटोपताच निघतात. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की हा मेळावा विदर्भातल्या एखाद्या गावात, तिथेच राहणाऱ्या वर्गमित्राच्या घरी, एक मुक्काम ठेवून घ्यावा आणि गावात राहणाऱ्याचे काम तिथे सर्वांत आधी ऐकले जाईल अशी त्याची आखणी करावी.

तारीख यजमानाच्या पिकांवरून ठरवावी. जून-जुलैत पेरणी आणि डवरणी असते. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची सवंगणी (कापणी) आणि मळणी येते, आणि तिच्या पाठोपाठ कापसाची वेचणी सुरू होते, तेव्हा मजूर मिळवण्यातच शेतकऱ्याचा दिवस जातो. एप्रिल-मे लग्नसराईचे आणि पंचेचाळीस अंशांच्या उन्हाचे महिने आहेत. डिसेंबर सोयीचा वाटतो खरा, पण १९५३ च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात भरते, ते बहुधा त्याच महिन्यात असते आणि त्या काळात शहरात खोली मिळणे कठीण होते. उरतो तो मकरसंक्रांतीनंतरचा जानेवारी. तूर बहुतेक घरात आलेली असते, हरभरा घाट्यावर असतो, थंडी सोसण्याजोगी असते आणि दहावी-बारावीच्या लेखी परीक्षा अजून सुरू झालेल्या नसतात. २६ जानेवारी शनिवार-रविवारला लागून आली तर मोह होतो. मात्र वर्गातले जे प्राध्यापक किंवा शासकीय सेवेत आहेत त्यांना सकाळी ध्वजवंदनाला हजर राहावे लागते, हे लक्षात ठेवून त्यांना विचारूनच तो दिवस धरावा.

रेल्वेचे आरक्षण आता प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडते, तेव्हा तारीख त्यापूर्वी पक्की झाली पाहिजे. मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांनी रात्रीच्या गाडीने बडनेरा, धामणगाव, पुलगाव किंवा वर्धा यांपैकी गावाला जवळच्या स्थानकावर उतरावे आणि तिथून दोन-तीन जणांत एक गाडी करावी. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाल्याने काही जण मोटारीनेच निघतील. त्यांनी टायरची हवा आणि झीज तपासून घ्यावी आणि वाटेत थांबत यावे; सरळ रस्त्यावर तासन्‌तास एकाच वेगाने चालवताना डोळा लागतो.

माणसे शोधण्याचे काम तारखेच्या आधी सुरू करावे, कारण ते सर्वांत वेळखाऊ आहे. व्हॉट्सॲपच्या समूहात जे आहेत तेवढाच आपला वर्ग, असे समजणे चूक आहे. महाविद्यालयाच्या कार्यालयातली हजेरी किंवा निकालाची जुनी यादी मिळवावी आणि एकेक नाव पुढे न्यावे. मुलींची आडनावे लग्नानंतर बदललेली असतात; त्यांच्या माहेरच्या गावचा एखादा वर्गमित्र घरी जाऊन आला तर पत्ता लागतो. पत्ता लागल्यावर फोन तिलाच करावा, नवऱ्याच्या किंवा भावाच्या मार्फत निरोप ठेवू नये. पुरुष मित्रांना नुसता संदेश आणि मैत्रिणींना ‘घरी विचारून सांगा’ असे म्हणणे टाळावे. राहण्याच्या खोल्या, स्वच्छतागृहे, सोबत कोण कोण येत आहे आणि परत जाण्याची गाडी किती वाजता आहे, ही माहिती तिला पहिल्याच फोनमध्ये द्यावी, म्हणजे ती तिथल्या तिथे निर्णय घेऊ शकते.

या शोधात काही नावे अशी निघतील की ती व्यक्ती आता हयात नाही. कोरोनाच्या दोन वर्षांनी अनेक वर्गांतली माणसे नेली आहेत. अशा घरी जवळ राहणाऱ्या कोणीतरी प्रत्यक्ष जावे, मेळाव्याची कल्पना द्यावी, आणि घरच्यांची इच्छा असेल तर पत्नीला, पतीला किंवा मुलांना आमंत्रण द्यावे. त्यांनी नाही म्हटले तर पुन्हा विचारू नये. मेळाव्याच्या दिवशी त्या मित्राची एखादी आठवण सांगण्याचे काम ज्याचा त्याच्याशी खरा घरोबा होता त्याच्याकडेच द्यावे. सूत्रसंचालन छान करणाऱ्याकडे ते देऊ नये.

यजमानाच्या घरची व्यवस्था पाहायला दोघांनी महिनाभर आधी एक फेरी मारावी. कृषिपंपाच्या वाहिनीवर पुष्कळ ठिकाणी तीन फेजची वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री अशा पाळीने मिळते, म्हणून मेळावा वावरात असेल तर पाण्याची टाकी कधी भरून ठेवायची हे त्या आठवड्याच्या वेळापत्रकावरून ठरवावे. गाद्या, सतरंज्या, खुर्च्या आणि पाण्याचे ड्रम तालुक्याच्या बिछायत केंद्रातून सहज मिळतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे स्वयंपाक घरच्या बाईवर टाकू नये. आचारी आणि वाढपी बाहेरून बोलवावेत, त्यांचा खर्च वर्गणीतून द्यावा आणि यजमानीणबाईंना पाहुण्यांसारखे वर्तुळात बसता येईल हे पाहावे. मित्राचा संसार त्यांनी चालवला आहे आणि त्या संसाराबद्दल बोलताना त्या चुलीपाशी असल्या तर गप्पा अर्ध्याच होतात.

बेत रोडग्यांचा ठेवावा असे मी सुचवतो. कणकेचे, थरांचे जाड रोडगे गोवऱ्यांच्या आरात (निखाऱ्यांत) भाजायला वेळ लागतो, आणि नेमका तोच वेळ उपयोगी पडतो: माणसे आपोआप आराभोवती जमतात, कोणी गोवऱ्या सारतो, कोणी रोडगे उलटतो, आणि हाताला काम असले की जीभ मोकळी होते. भाजलेल्या रोडग्यावरची राख फडक्याने झटकून तो कुस्करावा, वर तूप सोडावे, सोबत आलू-वांग्याची भाजी, वरण आणि वरून चिरलेला सांबार (कोथिंबीर) असावा. हुरडा हवा असेल तर ज्वारीचा पेरा आता सोयाबीनमुळे खूप कमी झाला आहे, त्यामुळे कोणाच्या वावरात कणसे कोवळी आहेत याची चौकशी आधीच करावी.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे बोलणे. नाव, कंपनी आणि पद सांगत वर्तुळ पूर्ण करण्याची पद्धत सोडून द्यावी, कारण पहिल्या चार जणांनी मोठी पदे सांगितली की पाचव्याचा आवाज खाली जातो. त्याऐवजी सकाळचा पहिला तास यजमानाच्या कामाला द्यावा, आणि तोही वर्गात प्रकरण-अभ्यास (केस स्टडी) करायचो तसाच. समजा यजमानाचे कृषी केंद्र आहे. त्याने उधारीची वही उघडून सांगावे की शेतकरी जूनमध्ये बियाणे आणि खत उधारीवर नेतो, ऑगस्टमध्ये फवारणीचे औषध नेतो आणि पैसे देतो ते कापूस विकल्यावर, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत. कंपनी आणि ठोक विक्रेते मात्र इतके थांबत नाहीत, आणि लवकर रोख भरणाऱ्यालाच सूट देतात. मधल्या सहा-सात महिन्यांचा भार दुकानदार स्वतःच्या भांडवलावर किंवा बँकेच्या कॅश क्रेडिटवर, म्हणजे धंद्यासाठी लागेल तसे उचलायच्या कर्जावर, ओढतो. बोंडअळी पडली किंवा ऐन वेचणीत पाऊस आला तर वसुली पुढच्या हंगामावर जाते, आणि ज्याच्याकडे बाकी आहे त्यालाच पुन्हा बियाणे द्यायचे की नाही हा निर्णय मे महिन्याच्या शेवटी घ्यावा लागतो. त्या निर्णयात हिशेब असतो आणि त्या घरातल्या माणसांची ओळखही असते.

मुंबईत खेळत्या भांडवलाची कर्जे मंजूर करणारा वर्गमित्र हे ऐकताना प्रश्न विचारू लागतो, आणि त्याचे प्रश्न नोकरीतल्यासारखेच खरे असतात. वहीतली बाकी किती जुनी आहे त्यानुसार लावली आहे का? एकाच गावात किती रक्कम अडकली आहे? या तासात पद कोणाचे मोठे हे विसरले जाते. मग त्याच धाग्याने पुढे जावे आणि प्रत्येकाला एकच गोष्ट विचारावी: गेल्या वर्षात तुम्हाला घ्यावा लागलेला सर्वांत अवघड निर्णय कोणता? निर्णय नोकरीतला असो वा घरातला, उत्तर ज्याचे त्याने निवडावे. ज्याला बोलायचे नसेल त्याला ‘पुढे चला’ म्हणता यावे, आणि तसे म्हणणारा पहिला माणूस संयोजकांपैकी असावा, म्हणजे इतरांना संकोच राहत नाही.

पगाराचा आकडा विचारू नये. ‘सध्या काही करत नाहीस का?’ हा प्रश्न तर घर सांभाळणाऱ्या मैत्रिणीला कदापि विचारू नये. तिला पुन्हा कामाला लागायचे आहे का, आणि असेल तर काय अडते आहे, हे एखाद्या मैत्रिणीने वेगळे बसून विचारावे. ज्याची नोकरी गेली आहे असे आधीच कळले असेल त्याच्याशी आठवडाभर आधी फोनवर बोलावे आणि त्याला हे चारचौघांत काढलेले चालेल का हे त्याच्याकडूनच ऐकावे. मदत करायची ती नेमकी करावी. ‘बायोडेटा पाठव’ असे सांगून कोणाचेही काम होत नाही. कोणत्या कंपनीत कोणाशी बोलणार आणि कधी कळवणार, एवढे तिथेच ठरवावे.

गावाकडे काम करू इच्छिणाऱ्यांसाठी एक क्षेत्र मुद्दाम चर्चेत घ्यावे. २००२ च्या कायदा दुरुस्तीने शेतकरी उत्पादक कंपनीची तरतूद झाली, दहा उत्पादक शेतकरी एकत्र येऊन अशी कंपनी नोंदवू शकतात, आणि २०२० मध्ये केंद्र सरकारने दहा हजार शेतकरी उत्पादक संघटनांची योजना सुरू केली. कंपन्या झाल्या, पण त्यांचे वार्षिक विवरण, लेखापरीक्षण, मालाची प्रतवारी आणि खरेदीदारांशी करार सांभाळणारी माणसे तालुक्याच्या ठिकाणी सहज मिळत नाहीत. वित्त किंवा विपणन शिकलेल्या वर्गमित्राने महिन्यातली एक दुपार दूरध्वनीवरून जरी दिली तरी एखाद्या संचालक मंडळाचा मोठा भार हलका होतो. अशी जोडी मेळाव्यातच लावून द्यावी.

संसाराच्या गप्पा दुपारी, जेवणानंतर, धुऱ्यावरून चालताना किंवा झाडाखाली लहान लहान घोळक्यांत होऊ द्याव्यात. त्यांना माईक नको. पती-पत्नी आणि मुले सोबत असावीत, पण मुलांना बैठकीत बसवून ‘काकांना मार्क सांग’ असे करू नये. त्यांना सालदारासोबत (वर्षाच्या कराराने ठेवलेल्या गड्यासोबत) पऱ्हाटीत म्हणजे कपाशीत, गोठ्यात, विहिरीपासून लांबच्या बाजूला फिरू द्यावे आणि एका मोठ्या माणसाने त्यांच्यावर लक्ष ठेवावे. लग्न न केलेल्या, विभक्त झालेल्या किंवा मूल नसलेल्या मित्रांना त्याबद्दल छेडू नये. सांगायचे ते सांगतील.

या वयात संसाराच्या गप्पा शेवटी आईवडिलांवर येतात. पुण्या-बंगळुरात नोकरी करणाऱ्या पुष्कळांचे आईवडील आर्वी, दारव्हा, कारंजा किंवा मोर्शीकडच्या गावी एकटे राहतात, आणि रात्री दोन वाजता छातीत दुखले तर मुलाच्या हातात फक्त फोन असतो. यावर वर्गाला करता येण्याजोगे काम आहे. कोणाचे आईवडील कोणत्या गावी आहेत आणि त्या गावापासून तासाभराच्या अंतरावर कोणता वर्गमित्र राहतो, याची यादी कागदावर करावी. त्या दोघांनी एकमेकांच्या घरी एकदा जाऊन यावे, म्हणजे अडीअडचणीला दार उघडणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला समोरचा चेहरा ओळखीचा वाटेल. चालू औषधांची चिठ्ठी, रक्तगट आणि विम्याचे कार्ड यांचे छायाचित्र त्या मित्राकडे असावे. वर्ध्याजवळच्या सेवाग्राम किंवा सावंगीच्या रुग्णालयात रात्री पोचल्यावर हे कागद लगेच लागतात. ही यादी मोठ्या समूहात टाकू नये, ज्याची त्याच्याकडेच द्यावी.

शिक्षकांना बोलवायचे असेल तर त्यांना घरून गाडीने आणावे, दुपारीच परत पोचवावे आणि शाल-श्रीफळ द्यायचे ते त्यांनाच द्यावे. यशस्वी वर्गमित्रांचे सत्कार करू नयेत, बॅनरवर छायाचित्रे छापू नयेत.

वर्गणी सर्वांना सारखी आणि बेताची ठेवावी, ती एकाच कोषाध्यक्षाच्या खात्यात यूपीआयने जमा व्हावी. ज्याला ती जड जाईल त्याने फक्त कोषाध्यक्षाला सांगावे आणि जास्त देणाऱ्याचे नावही कोषाध्यक्षापाशीच राहावे. आचारी, बिछायत आणि गाड्यांचा हिशेब आठ दिवसांत पावत्यांच्या छायाचित्रांसह सर्वांना पाठवावा आणि उरलेली रक्कम पुढच्या वर्षाच्या यजमानाकडे वर्ग करावी. तो यजमान दुसऱ्या दिवशीच्या न्याहारीलाच ठरवून घ्यावा, कारण त्याने ज्वारीचा एखादा तास (एक ओळ) हुरड्यासाठी पेरायचा म्हटले तर त्याला ते पेरणीपूर्वी माहीत असले पाहिजे.