गाद्या टांगून व्हॉइसओव्हरची खोली: खानदेशातल्या घरांसाठी

घरी केलेलं रेकॉर्डिंग ग्राहकाकडून परत येतं ते बहुतेक दोनच कारणांनी: बाहेरचा गोंगाट आत आला, किंवा खोली आवाजात घुमली. या दोन तक्रारी वेगळ्या आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बंद कराव्या लागतात. खोलीतला घुमारा शोषायला मऊ, जाड, ज्यातून हवा जाते असा माल लागतो. भिंतीला फोम चिकटवून महामार्गावरचे ट्रक थांबत नाहीत, आणि दीड फुटी भिंत बांधून घुमारा जात नाही. पैसे वाया जातात ते इथेच, म्हणून कामाचा क्रम असा ठेवा: आधी खोली निवडा, मग फटी बुजवा, मग शोषण, आणि माइक सगळ्यांत शेवटी.

खोली कोणती

गावात जुनं धाब्याचं घर असेल तर निम्मं काम झालेलं आहे. मातीच्या जाड भिंती आणि वर लाकडावर मातीचा थर, एवढं वजन आवाज अडवायला भरपूर आहे. उन्हाळ्यात ती खोली थंडही राहते. पत्र्याची खोली मात्र टाळा. पावसात तिथे काम होणारच नाही, पण कोरड्या दिवसांतही सकाळी ऊन चढताना आणि संध्याकाळी उतरताना पत्रा ताणतो-आकसतो आणि ‘टण्ण’ असा आवाज करतो. तो नेमका वाक्याच्या मध्ये येतो आणि नंतर काढता येत नाही.

स्लॅबच्या घरात रस्त्यापासून लांबची, आतली खोली घ्या. लांबी, रुंदी आणि उंची सारखी असलेली खोली सर्वांत वाईट. १० बाय १० खोली आणि छतही १० फुटांवर असेल, तर तिन्ही दिशांचे घुमारे ५६, ११२, १६८ हर्ट्झ (सेकंदाला एवढी कंपनं) अशा एकाच जागी साचतात. पुरुषाचा मूळ स्वर साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये असतो, म्हणजे काही अक्षरं विनाकारण फुगून येतात. १० बाय १२ ची खोली त्यापेक्षा बरी.

याच हिशेबाने ४ बाय ४ फुटांची प्लायची केबिन बांधण्याचा मोह आवरा. तिचा पहिला घुमारा १४० हर्ट्झच्या आसपास पडतो, थेट आवाजावर. शिवाय मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांना टेकतो, तेव्हा बंद केबिनमध्ये वीस मिनिटंही बसवत नाही. खोलीचा एक कोपरा नीट तयार करणं स्वस्त पडतं आणि ऐकायलाही चांगलं लागतं.

खोली ठरली की मांडणीवरची स्टीलची भांडी बाहेर काढा. तुम्ही बोलता तेव्हा तीही बारीक झंकारतात. लोखंडी कपाट हलवता येत नसेल तर त्यावरून जाड गोधडी सोडा आणि वरच्या रिकाम्या बॅगा खाली घ्या.

फटी

दार कितीही जाड असो, त्याच्या क्षेत्रफळाच्या १ टक्का फट उघडी राहिली की आवाजाला २० डेसिबलच्या (आवाजाच्या जोराचं माप) वर रोध मिळत नाही. ७ बाय ३ फुटांच्या दाराखाली अर्ध्या इंचाची फट म्हणजे ०.६ टक्के, आणि तेवढ्यावरही २२ डेसिबलला खेळ आटोपतो. चौकटीच्या तिन्ही बाजूंना रबरी पट्टी लावा, खाली दाराला घासून चालणारी पट्टी बसवा. पोकळ दार असेल तर आतल्या बाजूने १२ मिमी प्लाय स्क्रूने जोडा, पण आधी बिजागऱ्या तेवढं वजन पेलतील का ते बघा.

ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या रुळापाशी गळतात. तिथे काढता-घालता येणारं झाकण करा: खिडकीच्या मापाचा १९ मिमी प्लाय, कडेने चहूबाजूंना रबरी पट्टी, आतून गोधडीचा थर आणि धरायला दोन मुठी. ४ बाय ३ फुटांचं झाकण साधारण १३ किलो भरतं, त्यामुळे एका मुठीवर उचलायला जाऊ नका. कूलरसाठी भिंतीत ठेवलेलं भोक लोक हमखास विसरतात. तेही बुजवा.

एवढं करूनही लग्नसराईतला डीजे अडणार नाही. त्याचा खालचा धमाका अडवायला दुहेरी भिंत लागते, आणि भाड्याच्या खोलीत तो विषय काढूच नये. लग्नाच्या तिथी आणि गल्लीतल्या कानबाईच्या उत्सवाचा रविवार बघून काम आधी उरका.

शोषण: अंड्यांचे ट्रे नकोत, गादी हवी

अंड्यांचे ट्रे शोषत जवळजवळ काहीच नाहीत, आणि ठिणगी पडली तर भडकतात. एक इंची पिरॅमिड फोम साधारण हजार हर्ट्झच्या वरचं शोषतो, खालचं तसंच सोडतो. अशा खोलीत आवाजाची चमक जाते आणि गुंजन राहतं. उघड्या भिंतींपेक्षाही ते वाईट. कारण साधं आहे. माल आणि त्यामागची मोकळी हवा मिळून जेवढी जाडी होते, तिच्या चौपट लांबीच्या लहरीपर्यंत शोषण पूर्ण मिळतं, त्याखाली ते उतरत जातं. १० सेंमी माल आणि मागे १० सेंमी हवा ठेवली तर हा आकडा ४३० हर्ट्झच्या आसपास येतो आणि २०० पर्यंत उपयोग होतो. म्हणून जाडी वाढवणं, आणि ते नाही जमलं तर मागची हवा वाढवणं, एवढंच खरं. मागची हवा फुकट मिळते.

शहरातले स्टुडिओ ४८ किलो घनतेची रॉकवूल (दगडापासून केलेली तंतूंची लोकर) वापरतात. घनता म्हणजे एका घनमीटरला ४८ किलो. आता ३ बाय ६ फुटांची ४ इंच जाड गादी घ्या आणि तिच्यात ८ किलो पिंजलेला कापूस भरा: घनता ४७-४८ किलोच येते. कापसाच्या मुलखात भिंतींसाठी रॉकवूल शोधत फिरण्याची गरज नाही. अट एकच, कापूस ताजा पिंजलेला हवा. झोपून झोपून पापड झालेली जुनी गादी चालणार नाही. ती उसवून पुन्हा पिंजून घ्या.

भरणाऱ्याला तीन गोष्टी स्पष्ट सांगा. टाके दर ६ इंचांवर हवेत, कारण उभी टांगल्यावर कापूस खाली सरकतो आणि महिनाभरात वरचा अर्धा भाग पोकळ होतो. खोळ साध्या मांजरपाटाची हवी, रेक्झिनची किंवा दाट चकचकीत कापडाची नको. कापड ओठांना लावून फुंका. फुंकर आरपार गेली तर आवाजही जाईल. आणि वरच्या ३ फुटी कडेला कॅनव्हासचे ६ पट्टे शिवून घ्या, त्यांतून १ इंची पाइप जायला हवा.

किमान तीन गाद्या लागतात, शक्य असेल तर पाच. पाच गाद्यांना ४० किलो कापूस.

त्या टांगायच्या कुठे, यात बहुतेकांचं चुकतं. लोक माइकच्या मागची भिंत सजवतात. व्हॉइसओव्हरला वापरतात तो कार्डिऑइड माइक समोरून ऐकतो आणि पाठीमागून जवळपास बहिरा असतो. त्याच्या समोर तुम्ही असता, आणि तुमच्या मागे जी भिंत आहे तिच्यावरून परतणारा आवाज त्याला सरळ मिळतो. म्हणून पहिला माल बोलणाऱ्याच्या पाठीशी. खोलीचा एक कोपरा निवडा, कोपऱ्याकडे पाठ करून उभे राहा, म्हणजे माइक कोपऱ्याकडे बघेल. कोपऱ्याच्या दोन्ही भिंतींवर प्रत्येकी दोन गाद्या येतात (तीनच असतील तर एकेक). उरलेली कपडे वाळवायच्या मजबूत स्टँडवर, माइकच्या मागे ३ फुटांवर.

भिंतीवर ७ फुटांच्या उंचीवर ८ इंची लोखंडी ब्रॅकेट ठोका आणि पाइप भिंतीपासून ६ इंचांवर बसवा. गादी ४ इंच जाड असल्याने तिच्या मागे ४ इंच हवा आपोआप सुटते आणि खालची कड जमिनीपासून फूटभर वर राहते. उंदरांच्या दृष्टीनेही ते बरं. प्रत्येक गादी खोळ-पट्ट्यांसह १० किलोच्या घरात जाते, त्यामुळे ब्रॅकेटला लाकडी गुट्टी नको, ८ मिमीचे अँकर वापरा. मातीच्या भिंतीत अँकर धरत नाही. तिथे जमिनीवर उभी राहणारी पाइपची चौकट वेल्डरकडून करून घ्या.

डोक्यावर मात्र गादी टांगू नका. छतासाठी दोन रॉकवूल पॅनल करा. रॉकवूलचा स्लॅब सहसा १००० बाय ६०० मिमी, ५० मिमी जाड येतो. चौकट आतून त्याच मापाची ठेवा, म्हणजे कापाकापी नाही आणि धूळही कमी. एका पॅनलमध्ये दोन थर, म्हणजे एकूण ४ स्लॅब. १ बाय ४ इंची पट्टी २८ फूट, ४४ पन्ह्याचं कापड ५ मीटर, आणि स्टेपल. कापड दोन्ही बाजूंनी लावायचं, नाहीतर तंतू खाली पडत राहतात. काम करताना मास्क, हातमोजे, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवा. ते तंतू त्वचेला भयंकर खाजतात. एक पॅनल ७-८ किलोचं होतं. चार कोपऱ्यांना चार हुक, तारेने टांगा, छतापासून निदान ४ इंच खाली, बरोबर तुमच्या डोक्याच्या आणि माइकच्या मध्ये.

खाली फरशीवर सतरंजी आणि तिच्यावर दुपदरी गोधडी. टेबल नसलेलंच बरं. संहिता नोटेशन स्टँडवर ठेवा आणि स्टँड तिरका करा.

कापूस पेट घेतो हे विसरू नका. गाद्यांच्या मागे सॉकेट, लोंबती वायर किंवा बल्ब नको, आणि त्या खोलीत उदबत्ती लावायची नाही.

माइक

तो खोलीच्या बरोबर मध्यावर येऊ देऊ नका; कोपऱ्याच्या दोन्ही भिंतींपासून साडेतीन ते चार फूट ही चांगली जागा. कंडेन्सर माइक (बारीकसारीक आवाजही टिपणारा) तोंडापासून एक वीत, डायनॅमिक (कमी संवेदनशील) त्याहून जवळ, तीन-चार बोटांवर. अंतर दुप्पट झालं की थेट आवाज ६ डेसिबलने उतरतो आणि खोली तेवढी पुढे येते. माइक तोंडासमोर सरळ न धरता १५-२० अंश बाजूला वळवा आणि मध्ये पॉप फिल्टर, म्हणजे झोत अडवणारी जाळी, ठेवा, कारण मराठीतले फ, भ, ठ, घ श्वासाचा झोत घेऊन येतात. खोली अजून अर्धवट असेल तर डायनॅमिक माइकच घ्या. महागडा कंडेन्सर अर्धवट खोलीतला प्रत्येक दोष इमानाने टिपतो.

रेल्वेमार्गाजवळ, म्हणजे अमळनेर, धरणगाव, भुसावळ अशा ठिकाणी, मालगाडीची थरथर जमिनीतून स्टँडमध्ये चढते. स्टँडच्या पायांखाली जाड रबर आणि माइकला शॉक माउंट, म्हणजे थरथर अडवणारी लवचिक पकड, लावा.

ऊन आणि वीज

रेकॉर्डिंग चालू असताना पंखा, कूलर, एसी बंद. आधी खोली थंड करून घ्या, ३० मिनिटं काम करा, दार उघडून १० मिनिटं हवा घ्या, पुन्हा बसा. उन्हाळ्यात पहाटे ४ ते ८ ही वेळ उत्तम: बाहेर शांतता आणि आत गारवा. कूलर या खोलीत लावूच नये. आवाज सोडा, त्याच्या ओलाव्याने गाद्या दमट होतात आणि कंडेन्सर माइक चरचरतो. काम झालं की माइक सिलिका जेल टाकलेल्या डब्यात ठेवा.

‘घूंऽऽ’ असा सलग आवाज येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर ऐका. गेला तर दोष खोलीत नाही, अर्थिंगमध्ये आहे. आपल्याकडे मार्चनंतर जमीन कोरडी पडते आणि अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो. खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता. स्वस्त इन्व्हर्टरवर वीज चालू असताना रेकॉर्ड करू नका, त्याची घरघर वेगळीच आणि हट्टी असते.

चाचणी

आधी टाळी. कोपऱ्यात उभे राहून जोरात एकच टाळी वाजवा. मागे ‘झण्ण’ अशी शेपटी ऐकू आली तर दोन उघड्या भिंती अजून समोरासमोर आहेत.

मग ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर ३० सेकंद नुसती शांतता घ्या. त्यानंतर नेहमीच्या जोरात हे वाचा: ‘भुसावळच्या फलाटावर फाटक्या पिशवीत भरताची भली मोठी वांगी, चाळीसगावच्या चौकात चमचमीत शेवभाजी.’ पहिल्या भागात फ-भ-प चे धक्के कळतात, दुसऱ्यात च-श ची शिट्टी. शिखर उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये राहील असा गेन (माइकची पातळी) लावा. ऑडिओबुकसाठी एसीएक्स या ऑडिबलच्या सेवेची अट सरासरी उणे २३ ते उणे १८, शिखर उणे ३ च्या खाली आणि शांतता उणे ६० च्या खाली अशी आहे. ही मापं तयार फाइलची आहेत, त्यामुळे पातळी वर उचलली की शांततेतला गोंगाटही तेवढाच वर येतो हे धरून चाला.

शांतता उणे ५० वर अडली तर ८० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचे सूर कापणारा) फिल्टर लावून बघा. आकडा झपकन उतरला तर तो रस्त्याचा किंवा रुळांचा घुरघुराट होता, आणि फिल्टर पुरेसा आहे. नाही उतरला तर लॅपटॉपचा पंखा, ट्यूबलाइट, शेजारचा फ्रिज असं एकेक बंद करत जा. सॉफ्टवेअरमधल्या नॉइज रिडक्शनने (गोंगाट पुसण्याची सोय) सगळं धुवायला गेलात तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो.

घुमारा राहिला तर गाद्या वाढवण्याआधी उरलेली गादी हातात धरून तिची जागा बदलत, तेच वाक्य पुन्हा घेत ऐका. फरक हेडफोनवर लगेच कळतो.

जुलै ते सप्टेंबर गाद्यांना बुरशी धरू शकते. आठवड्यातून एकदा अर्धा दिवस दार-खिडकी उघडी ठेवा. ऑक्टोबरचं ऊन पडलं की सगळ्या उतरवून दोन दिवस गच्चीवर टाका, काठीने झोडा आणि टाके तपासून पुन्हा टांगा. पहिल्या दिवशीची चाचणीची फाइल जपून ठेवलेली असेल तर दरवर्षी तेच वाक्य वाचून ताडता येतं. घुमारा वाढलेला दिसला तर कापूस दबला आहे, पिंजायला द्या.