पर्यटनाचं संशोधन धंद्यापर्यंत का पोहोचत नाही? या चुका टाळा

मुंबईच्या कॉलेजांत पर्यटनावरचे प्रकल्प आणि प्रबंध दरवर्षी जमा होतात. गेटवेवर लाँचची तिकिटं विकणाऱ्याला किंवा दादरहून सहली काढणाऱ्याला त्यांचा पत्ताही नसतो. दोन्हीकडची माणसं मनापासून राबतात, म्हणून हे जास्त खटकतं.

‘पर्यटक समाधानी आहेत का?’ हा प्रश्न सोडा. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. सरासरी पाचपैकी चार आली, तर सहल कंपनीने उद्यापासून नेमकं काय बदलायचं? प्रश्नावली लिहायच्या आधी एखाद्या व्यावसायिकाला गाठा आणि विचारा, पुढच्या सीझनआधी तुम्हाला कोणता निर्णय घ्यायचा आहे? घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, हे माहीत नसलेले पाहुणे त्या दिवशीही गेटवेवर येतात. ते मग कुठे जातात? ओव्हल मैदानाभोवतीच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारती २०१८ पासून जागतिक वारसा यादीत आहेत; तिथली पायी फेरी त्यांना दाखवली तर ते येतील का? याचं उत्तर हाती आलं, तर कुणीतरी त्यावर सोमवारची सहल उभी करू शकेल.

‘किती पैसे द्याल?’ असंही नुसतं विचारू नका. कागदावर सगळेच उदार असतात. दोन आठवडे दोन वेगळे दर लावा आणि बुकिंग मोजा. शिवाय रविवारी गेटवेवर भेटलेल्या माणसांवरून मुंबईच्या पर्यटकाबद्दल बोलू नका. रांग पाहून माघारी फिरलेला माणूस तुमच्या नमुन्यात आलेलाच नसतो.

परदेशी निष्कर्ष जसेच्या तसे उचलू नका. अमेरिकेतल्या एका हॉटेलात गोल्डस्टीन आणि सहकाऱ्यांनी केलेला टॉवेलचा प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘पर्यावरण वाचवा’ अशा कार्डाने सुमारे ३५ टक्के पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरला. ‘बहुतेक पाहुणे पुन्हा वापरतात’ असं लिहिल्यावर सुमारे ४४ टक्क्यांनी. हा निष्कर्ष जगभर गाजला. पण जर्मनीतल्या हॉटेलांत तोच प्रयोग झाला तेव्हा (२०१४ मध्ये प्रसिद्ध) साधं ‘पर्यावरण वाचवा’ कार्डही तितकंच चाललं. मग अंधेरीच्या हॉटेलात काय होईल, हे अंधेरीतच तपासायला हवं. निम्म्या मजल्यांवर एक कार्ड, निम्म्यांवर दुसरं, आणि लाँड्रीच्या नोंदी. खर्च जवळपास नाहीच. संशोधन आणि धंदा एकत्र आले तर काय होऊ शकतं, याचं इतकं सोपं उदाहरण दुसरं मला सुचत नाही.

अहवाल चुकीच्या वेळी, चुकीच्या भाषेत. शैक्षणिक वर्ष संपताना अहवाल येतो, तेव्हा सहलवाले उन्हाळी सुट्टीच्या गर्दीत बुडालेले असतात. दिवाळीचं नियोजन पावसाळ्यात होतं. जुलैमध्ये जा, दोन पानं मराठीत द्या. सिद्धांताचा भाग प्रबंधात राहू द्या.

व्यावसायिकांची चूकही छोटी नाही. ‘इतकी वर्षं धंद्यात आहोत, आम्हाला कळतं’ हे अर्धंच खरं आहे. अनुभव आलेल्या गिऱ्हाइकाबद्दल सांगतो, न आलेल्याबद्दल गप्प राहतो. ऑनलाइन रेटिंगचे तारे पाहून मार्ग ठरवणं हीही तीच चूक, कारण तिथे लिहितात ते बहुधा फार खूश झालेले किंवा फार चिडलेले.

आणि खरी माहिती तुमच्याच वहीत पडून आहे: तारीख, माणसं, कुठून आले, कोणत्या भाषेचा गाईड मागितला, बुकिंग का रद्द केलं. नावं आणि फोन नंबर काढून ती कॉलेजला द्या. स्पर्धकाच्या हाती लागेल ही भीती रास्त आहे, तेव्हा आधीच लेखी ठरवा: चार-पाच कंपन्यांचे आकडे एकत्र करूनच छापायचे, आणि प्रत्येकीला फक्त स्वतःचा आकडा त्या सरासरीशेजारी दाखवायचा.