साबण वापरून पाहणारे फक्त "छान आहे" म्हणतात? माझा अनुभव

लक्षण: मी केलेल्या साबणाच्या वड्या लोकांना वापरायला दिल्या की उत्तर एकच, "मस्त, वास छान आहे." त्यावरून कृतीत काय बदलायचं ते कळेना. वीस प्रश्नांचा फॉर्म दिला, निम्मे रिकामे परत आले. ग्रुपवर विचारलं, तर पहिल्याने जे लिहिलं त्यालाच बाकीच्यांनी मान डोलावली. चार घाणे असेच गेले, फार वैताग आला.

शेवटी हे जमलं, याच क्रमाने.

दोन घाणे केले, फरक एकाच गोष्टीत: एकात खोबरेल तेल ३० टक्के, दुसऱ्यात २०, कमी झालेली जागा ऑलिव्ह तेलाने भरली. सुपरफॅट, म्हणजे साबण न होता तसंच उरणारं जादा तेल, दोन्हींत ५ टक्के. सुगंध अजिबात नाही, कारण वास असला की माणसं त्वचेबद्दल बोलतच नाहीत. सहा आठवडे मुरवलं. प्रत्येक वडीचं वजन करून ठेवलं आणि घाण्याची खूण म्हणून तिला ४१७ किंवा ६८२ असा आकडा लावून दिली. १ आणि २ लिहिलं की १ उगाच सरस वाटतो. सोबत घटकांची यादी दिलीच, ॲलर्जीचा प्रश्न असतो.

निम्म्यांना आधी ४१७, निम्म्यांना आधी ६८२, प्रत्येकी एक आठवडा. मग प्रत्येकाला एकट्याला तीनच प्रश्न: अंघोळीनंतर दहा मिनिटांनी त्वचा ओढल्यासारखी वाटली का? वडी बुळबुळीत झाली का? एकच ठेवायची तर कुठली?

उरलेल्या वड्या परत मागवून, दोन दिवस वाळवून पुन्हा तोलल्या. कुठली लवकर झिजते ते काट्यानेच सांगितलं.