पेनड्राईव्हमध्ये जागा आहे तरी फाईल सेव्ह होत नाहीये?

आधी फाईल केवढी आहे ते बघा. लग्नाचा व्हिडिओ ४ जीबीच्या वर असेल आणि पेनड्राईव्ह फॅट३२ (फाईली साठवायचा एक जुना फॉरमॅट) असेल तर कितीही जागा मोकळी असू दे, तो जाणारच नाही, त्या फॉरमॅटमध्ये एवढी मोठी फाईल बसतच नाही. ड्राईव्हवर राईट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये फॉरमॅट दिसतो. फॅट३२ दिसलं तर आतला डेटा कॉम्प्युटरवर काढून घ्या (फॉरमॅट मारला की सगळं उडतं हो) आणि एक्सफॅट निवडून फॉरमॅट करा, विंडोज-मॅक दोन्हीवर चालतं, जुने टीव्ही मात्र कधीकधी ओळखत नाहीत. 'राईट प्रोटेक्टेड' (म्हणजे त्यात काही सेव्ह करायला बंदी) असा मेसेज येत असेल तर पेनड्राईव्हच्या बाजूला छोटं लॉकचं बटण आहे का बघा, सगळ्यांना नसतं. बटण नाही, फॉरमॅटही होत नाही, तर बहुतेक चिपच गेलीये, उघडतोय तोवर डेटा काढा आणि नवीन घ्या.